परसरामची बोडी

मोहाडी
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

प्रिय पुंडलिक,

सप्रेम जय भीम. तुझा रामराम पोचला असं मी समजतो, कारण तो तू पाठवणार नाहीस.

मी खुशाल आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण या खेपेला ते जरा लक्ष देऊन वाच. धुरपताही बरी आहे, थंडीनं तिचे गुडघे तेवढे कुरकुर करतात. धान चुरून झालं, पोती घरात आली, बांधीत लाखोरी हिरवीगार उगवून आली आहे. तू माझा फोन उचलत नाहीस आणि कागदावर असेल तेवढंच खरं मानतोस, म्हणून कागदावर लिहायला बसलो.

काम असं आहे की आपल्या वैनतीर साहित्य संघाच्या 'लोंबी' मासिकाचा वर्ग येत्या रविवारी दुपारी पवनीला ठेवला आहे, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. 'लोंबी' आता मोबाईलवर निघते हे तुला ठाऊकच आहे. सभासदांना ती उघडायची कशी, वाचायची कशी, आपली कविता तिच्यात टाकायची कशी, हे शिकवायचं काम संघानं माझ्या गळ्यात घातलं आहे. पवनीच्या सभासदांचा फार आग्रह होता म्हणून तिकडे यायचं ठरवलं. तुला कळावं म्हणून कळवलं, बाकी तुझी मर्जी.

या वर्गांमध्ये मी जेवढा हसलो तेवढा नोकरीच्या अख्ख्या काळात हसलो नसेन. शाळेतली पोरं निदान मास्तरला भीत तरी होती. आपले सभासद मलाच उलट शिकवतात. सेवकराम घे. त्याच्या कथा तुला माहीत आहेत, वाघ कधी मरत नाही आणि कथा कधी संपत नाही. त्याचं खातं उघडायला बसलो. मोबाईलवर ओटीपी आला. मी म्हटलं, आता तो आकडा या चौकटीत भर. त्यानं मोबाईल छातीशी धरला.

"नाई भरत. बँकवाल्यानं सांगतलं हाय, ओटीपी कोनालेच सांगाचा नाई."

"अरे, मला सांगू नको. मोबाईलमध्ये भर."

"मोबाईलनंच तं मले सांगतला. मंग त्याले वापस कायले सांगू?"

मी शिकवण्याच्या कामाला कंटाळणारा माणूस नाही, पण त्या दिवशी चहा मागवला. शेवटी शेजारी बसलेल्या कुसुमताईंनी त्याच्या हातातून मोबाईल ओढून आकडा भरला. त्या कुसुमताई स्वतः अजून पान उलटायला बोट जिभेला लावतात आणि मग काचेवर फिरवतात. काच ओली झाली की मोबाईल ऐकत नाही, आणि त्या म्हणतात, अंक चिकटला. पण प्रतिक्रिया लिहायला मात्र सगळे असे काही शिकले की विचारू नको. कविता वाचो न वाचो, खाली 'अप्रतिम' पडलंच पाहिजे. वाचत नाहीत त्याला कारण आहे. पडद्यावर शीर्षक आणि पहिल्या चार ओळी दिसतात, बाकीची कविता दिसायला 'पुढे वाचा'वर बोट दाबावं लागतं. ते मी प्रत्येक वर्गात सांगतो आणि कोणी दाबत नाही.

टंकायचा ज्यांना कंटाळा, त्यांना मी माईकचं चिन्ह दाखवतो. ते दाबून बोललं की मोबाईल आपोआप लिहून घेतो. फक्त पाठवण्याआधी एकदा वाचून पाहा, हे मी इतक्या वेळा बजावलं आहे की सेवकराम माझी नक्कल करून दाखवतो.

आता मुद्द्यावर येतो. तू हसणार आहेस हे मला माहीत आहे, हस.

गेल्या शनिवारी संध्याकाळी मी माझी एक नवी कविता माईकवर बोललो आणि न वाचता पाठवून दिली. आपल्या शेतावरच्या बोडीवर होती. आपली बोडी, तुला काय सांगायचं, पण शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून अडवलेल्या पाण्याला आपण बोडी म्हणतो हे त्या मोबाईलला कोणी सांगितलेलं नाही. सध्या तिच्यावर हिवाळ्याची बदकं उतरली आहेत, म्हणून मी म्हटलं होतं:

परसरामची बोडी
निवांत पडली हाय,
दूर गावचे पाहुने
पाहाले येऊन राहिले.

पाहुणे म्हणजे बदकं, हे पाचव्या ओळीत येतं. पाचवी ओळ 'पुढे वाचा'च्या पलीकडे. आणि मोबाईलनं शीर्षकात, पहिल्या ओळीत, सगळीकडे काय लिहून घेतलं असेल? परसरामची बॉडी.

रविवारी सकाळी मी ओट्यावर बसून पोहे खात होतो. सेवकराम गाडीवरून उतरला, हातात झेंडूचा भलामोठा हार. मागे पांढरं पातळ नेसलेल्या कुसुमताई. सेवकराम माझ्याकडे पाहत फाटकातच थबकला.

"गुरुजी, तुमी इथं कायले बसून राहिले?"

"मंग कुठं बसू?" मी विचारलं.

त्यानं हार पाठीमागे धरला. कुसुमताई डोळ्याला पदर लावून घरात शिरल्या आणि त्यांनी धुरपताला मिठीच मारली. धुरपताला काही उमजेना. मग उमजलं तेव्हा ती म्हणाली, "यायनं सकाळपासून दोनदा चाय पेला. मेले कवा?"

त्यानंतर माणसं येतच राहिली. तुमसरहून आली, भंडाऱ्याहून आली. मी फाटकाशी उभा राहून प्रत्येकाला मी आहे म्हणून सांगत होतो. मागच्याच महिन्यात बँकेत जाऊन हयातीचा दाखला दिला होता, तो दाराला चिकटवला असता तर बरं झालं असतं. धुरपतानं मोठं पातेलं चुलीवर ठेवलं, आणि जे रडायला आले होते ते चहा पिऊन, बोडीवरची बदकं पाहून, दुपारी घरी गेले. हाराचं काय करायचं हा प्रश्न होता. कुसुमताई म्हणाल्या, "आनला हाय तं घालून घ्या, गुरुजी. वापस नेनं बरं नाई दिसत." मी घालून घेतला. इतका मोठा हार मला निवृत्तीच्या दिवशीही मिळाला नव्हता.

त्याआधी, सकाळीच, सगळ्यांसमोर 'लोंबी' उघडून मी बॉडीची बोडी केली आणि खालच्या प्रतिक्रिया मोठ्यानं वाचल्या. भावपूर्ण श्रद्धांजली, ओम शांती, साहित्यक्षेत्राची न भरून येणारी हानी. एकानं लिहिलं होतं, 'मितभाषी व्यक्तिमत्त्व हरपले.' ती धुरपतानं मला दोनदा वाचायला लावली. सगळे पोट धरून हसत होते.

एक प्रतिक्रिया मी मोठ्यानं वाचली नाही.

खाली नाव होतं 'एक वाचक'. पुंडलिक, तुला वाटलं असेल की नाव बदललं म्हणजे माणूस लपतो. अरे, या सगळ्या जिल्ह्यात अर्धविराम वापरणारा माणूस एकच आहे. बाकी आम्ही सगळे स्वल्पविरामावर भागवतो. आणि तू लिहिलं होतंस ते तसंच्या तसं इथे उतरवतो, कागदावर असावं म्हणून:

'परसरामची नि माझी ओळख शाळेत झाली नाही; बोडीत झाली. मी मामाकडे शिकायला होतो. परसरामच्या घरच्या बोडीत शिंगाडे चोरायला उतरलो आणि बुडू लागलो. त्याला पोहता येत नव्हतं; तरी त्यानं उडी घेतली. दोघांनाही मामानं बाहेर काढलं. मार दोघांनी वाटून खाल्ला. त्याच्या कवितेचं प्रूफ आलं की मी आधी नुसती कविता वाचत असे; चुका मग पाहत असे. दोन वर्षं आम्ही बोललो नाही. आता भांडायचं तरी कोणाशी?'

हे मी सगळ्यांमध्ये कसं वाचणार होतो? मी मोबाईल खिशात टाकला आणि बदकांना दाणे टाकायचं निमित्त करून बोडीवर गेलो. बदकांना कोणी दाणे टाकतं का? पण कोणी विचारलं नाही. पाळीवर बसून मी ते पुन्हा वाचलं, आणि रडलो. बरं वाटलं म्हणून रडलो, तू उगाच दुसरं काही समजू नको.

मग तुला फोन लावला. तू उचलला नाहीस. आत्ता विचार करतो तर त्यात तुझी चूक नाही, मेलेल्या माणसाचं नाव पडद्यावर आलं तर कोण उचलेल? म्हणून तुझ्या सुनेला, रीनाला लावला. आवाज ऐकून तिनं आधी दोनदा नाव विचारलं. मग म्हणाली, "काकाजी, तुमी हाव नं? बाबूजी तं भेटन त्या गाडीनं तुमच्याकडेच निघाले. उपाशी गेले." तिनं लगेच तुला फोन केला. तेव्हा तू भंडाऱ्याच्या स्टँडवर मोहाडीवरून जाणाऱ्या तुमसरच्या गाडीत बसला होतास, खिडकीजवळ जागासुद्धा मिळाली होती. परसराम जिवंत आहे हे ऐकून तू 'हाव काय' एवढंच म्हणालास, गाडीतून उतरलास आणि पवनीची गाडी पकडलीस.

रीनानं संध्याकाळी मला सांगितलं, "घरी येऊन पोटभर जेवले, अन् आता तुमच्यावर चिडून राहिले."

चिड. चिडण्याचा तुला हक्क आहे. पण भंडाऱ्याहून मोहाडी राहिली होती किती? मी मेलो म्हणून पवनीहून निघालास आणि जिवंत आहे म्हणून अर्ध्याहून जास्त वाट कापून परत फिरलास. हे मला लागलं. पत्राच्या सुरुवातीपासून हेच लिहायचं होतं, आणि मी धानाचं नि लाखोरीचं लिहीत बसलो.

दोन वर्षांपूर्वीच्या सभेचं मी उकरून काढत नाही. छापील अंक बंद करून मोबाईलवर काढायचा, हे मी सुचवलं आणि आजही ते बरोबरच होतं असं म्हणेन. तुमसरच्या खेड्यातल्या बाया आज 'लोंबी' वाचतात, छापील अंक त्यांच्यापर्यंत कधी गेला होता? तू म्हणालास, कागदावर नाही ते साहित्य नाही, आणि त्या मोबाईलला मी हात लावणार नाही. मी म्हणालो, नको लावू. एवढंच झालं. पण तू हात लावलास, खातं उघडलंस, चोरून वाचत राहिलास, आणि हे सगळं मी न शिकवता शिकलास. 'पुढे वाचा' तेवढं तुलाही जमलं नाही.

आणि हेही सांगतो, तुझ्या लाल शाईखालून गेली असती तर ती बॉडी छापली गेली नसती. जन्मभर दुसऱ्यांच्या वेलांट्या धरणारा तू, स्वतः 'बोडी' असं नीट लिहितोस आणि वरच्या शीर्षकातली चूक तुझ्या नजरेतून सुटते. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की तेव्हा तुझ्या चष्म्यातून काही दिसत नसावं.

'लोंबी'ला मुद्रितशोधक हवा आहे. मोबाईलवरही चुका त्याच असतात, त्या फक्त लवकर पसरतात. हे काम दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही असं मी ठरवलं आहे आणि संघाला अजून सांगितलेलं नाही. आणि पवनीच्या सभासदांचा आग्रह वगैरे मी वर लिहिलं, ते खोटं आहे. पवनीचे सगळे सभासद भंडाऱ्याच्या वर्गाला येऊन शिकून गेले. एकच राहिला आहे.

बाकीच्या सगळ्या श्रद्धांजल्या मी पुसून टाकल्या. तुझी पुसली नाही. ती पुसायची असेल तर तिच्या शेजारी तीन ठिपके आहेत, तिथे दाबायचं, मी दाखवीन. पण माझं ऐकशील तर राहू दे. कधीतरी लागणारच आहे, तेव्हा तुला नव्यानं लिहायला नको. तोवर तुझ्याशी भांडायला मी आहे.

मेलेल्या परसरामसाठी तू भंडाऱ्यापर्यंत आलास. जिवंत परसराम रविवारी तुझ्याच गावात येतो आहे, घरापासून दोन गल्ल्या चालत ये.

तुझा,
अद्याप हयात,
परसराम