छातीतल्या डबीची टकटक

देवळाली प्रवरा, गुरुवार, १३ डिसेंबर १९७३, संध्याकाळ

शकू, आजी सांगते तसंच लिही. नातीचा शहाणपणा मधे नको.

काळीज चालवायला डाक्टरनं माझ्या छातीत बॅटरीची डबी बसवली, तिची टकटक ट्रान्झिस्टरवर ऐकू येते. दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवून ट्रान्झिस्टर छातीवर धरायचा. तार न्हाई, काही न्हाई. मिनिटाला सत्तर टकटक हव्यात. कमी भरल्या तर बॅटरी संपत आली, लगेच मुंबईला या, असं त्यानं बजावलंय. तुझे आजोबा घड्याळ बघतात, मी बोटांच्या पेरांवर मोजते.

"किती भरल्या?" आज त्यांनी विचारलं.

"सत्तर. तुमच्या घड्याळापेक्षा बरं चाललंय."

हसले बिचारे, चहा प्यायला गेले.

चौसष्टच होत्या. मागच्या गुरुवारीही चौसष्टच. पण पुन्हा छाती कापायची, पुन्हा महिनाभर खाटेवर पडायचं... लई कंटाळा आलाय गं. त्यात हे दवाखान्याच्या पायरीवर उपाशी बसणार. का मीच भ्याले? तसंच असंल. चौसष्ट म्हणजे काही फार कमी न्हाई, असं आठवडाभर मनाला सांगतेय.

थांबलीस का? रडू नको, कागद भिजंल. तुला सांगितलं तेव्हाच मला ठाऊक होतं, तू गप्प बसायची न्हाईस. जा, सांग त्यांना. आधी एवढी ओळ पुरी कर.