शेजारचं पाणी

अण्णा, काल पालेगावात एक जागा बघून आले आणि पुन्हा तुमच्यावर चिडले. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते. अंबरनाथचं क्वार्टर तुमच्या कारखान्यातल्या नोकरीपुरतंच आपलं, हे आई किती वेळा बजावायची. तेव्हा उल्हासनगरच्या बराकींत सिंधी कुटुंबं नुकती कुठे स्थिरावत होती. त्यांतलेच एक दलाल दर रविवारी आपल्याला बदलापूरला प्लॉट दाखवायचे. डबा माझ्याकडे, छत्री तुमच्याकडे. चालता चालता तुम्ही मला शिकवायचात. आधी सातबारा बघ, त्यावर कुणा कुळाचं नाव नाही ना. मग विहीर. मग वाट कुणाच्या शेतातून येते ते. ‘‘इधर से सब जाते हैं, साब,’’ दलाल म्हणायचे. ‘‘जातात ते त्याच्या मर्जीनं. मर्जी कागदावर हवी,’’ तुम्ही म्हणायचात. एकदा ते वैतागून म्हणाले, ‘‘कागज तो सिंध में हमारे भी पक्के थे.’’ तुम्ही हातातल्या सातबाऱ्याची घडी घालून तो खिशात ठेवलात.

तांब्याचं खूळ त्या दिवसापासूनचं. कागद जुळले की तुम्ही प्लॉटवरच डबा उघडायचात आणि मला रिकामा तांब्या देऊन शेजारच्या घरी पिटाळायचात. पाणी कसं देतात ते बघून ये. एका बाईनं दाराआडूनच विहिरीकडे बोट दाखवलं, जागा बाद. दुसरीनं पाणी दिलं, पण कोण कुठली विचारलं नाही, तीही बाद. ‘‘जमीन लेनी है कि लड़की देनी है, साब?’’ दलाल कपाळावर हात मारून घ्यायचे. मी हसायचे. आई हसायची नाही.

आणि मनाजोगती जागा मिळायच्या आतच तुम्ही गेलात. क्वार्टर सोडायचा निरोप आला, आईला धड रडायलाही सवड मिळाली नाही. त्याच दलालांनी धावपळ करून हे बदलापूरचं घर मिळवून दिलं. सातबारा स्वच्छ, विहीर गोड, वाट कागदावर. तांब्या घेऊन कुणी शेजारी गेलं नाही. पुढे शेजाऱ्यांनी भिंत घातली. भांडण कधी झालं नाही, बोलणंही नाही. आई गेल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं. आता मी एकटी आहे, अण्णा, आणि मला ते सोसत नाही.

काल त्या जागेशेजारच्या म्हातारीकडे पाणी मागितलं. तिनं तांब्या घासून, भरून आणला, सोबत गुळाचा खडा. ‘‘कोनाची गो तू? बस जरा.’’ या वयात मला कुणी ‘गो’ म्हणावं! सावल्या लांबेपर्यंत बसले. निघताना तिनं विचारलं, ‘‘मंग जागा घेशील ना?’’ मी हो म्हटलं. दर रविवारी कुठे ना कुठे मी असंच हो म्हणून येते. आताच्या दलालांना वाटतं, बाई फार चोखंदळ आहेत. जागा मला नकोच असते. मी पाणी मागायला जाते.