शेवटच्या बाकावरचा केन

२ मार्च १९८६, रविवार
डोरोथीला चर्चला नेलं. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ही ड्यूटी शेजारीण म्हणून माझ्याकडे! गाडीत गारठण्यापेक्षा आत जाऊन बसते. सगळे पुढे जातात, व्हिकर — म्हणजे इथले पुजारीच — हातावर पांढरी चकती ठेवतात. शेवटच्या बाकावरचा म्हातारा तेवढा उठत नाही. विचारलं, तर म्हणाला, "नॉट फॉर मी, डक." नॉटिंगहॅमात सगळ्यांनाच डक म्हणतात!

५ मार्च
तो म्हातारा केन — डोरोथीचा सख्खा भाऊ! तीस वर्षांपूर्वी ख्रिसमसला दारू पिऊन गाडी चालवत होता. मागच्या सीटवर डोरोथीची मुलगी मार्गरेट. सात वर्षांची. गेली. तेव्हापासून डोरोथी त्याच्याशी बोलत नाही, त्याच्या गाडीत बसत नाही. एकच चर्च — ती पुढे, तो मागे. ती सांगत होती, मी तिचा हात धरून बसले.

९ मार्च
घोटाळा केला! डोरोथीला आधार द्यायला पुढे गेले. सवयीनं डाव्या हातावर उजवा ठेवून ओंजळ पुढे केली. व्हिकरांनी चकती ठेवली! परत येताना केन दिसला. सत्यनारायणाला आलेल्याला कुणी प्रसादाशिवाय पाठवतं का? अर्धी मोडून त्याच्या हातावर ठेवली. तो बघतच राहिला. मग तोंडात घातली आणि ढसाढसा रडला.
गाडीत डोरोथी एवढंच म्हणाली, "ती द्यायचा हक्क तुझा नव्हता."
घरी आमचे हे — श्रीकांत — कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, तुमच्या हळदीकुंकवाची खिरापत आहे का ती? देवानं पापं माफ केल्याची खूण असते ती त्यांच्यात!"

१० मार्च
डोरोथीचे पडदे बंद. जीव लागत नाही कशात.

१४ मार्च
रुसवा काढायला शिरा घेऊन गेले. व्हिकर आलेले. मला हसून म्हणाले, "पुढच्या वेळी हातांची छातीशी घडी घाल, मी आशीर्वाद देईन." रागावले नाहीत! मी चहा करायला आत गेले. बाहेरून डोरोथीचा आवाज — चिडलेला, रडवेला.
"देवानं त्याला माफ केलं? मला न विचारता?"
मग व्हिकर हळूच म्हणाले, "तुला माफ करतानाही त्यानं कुणाला विचारलं नव्हतं, डोरोथी."
चहा उकळून उकळून कडू झाला. तसाच दिला. ती मुकाट्यानं प्यायली. शिरा मात्र दोनदा घेतला. किती भाबडी आहे ही म्हातारी! फार माया वाटली.

२३ मार्च
पुन्हा नेलं. ती पुढे, तो मागे. मी जागची हलले नाही!

२९ मार्च, शनिवार
उद्या ईस्टर. आत्ताच डोरोथीचा फोन —
"शैला, उद्या गाडी काढू नकोस. केन येतोय मला न्यायला."