सर्वांनी डावीकडे वळावे

१२ जून, गुरुवार. सकाळी ६
आजपासून शाळा. मैत्री चौथीत. हर्षदीप आणि सूनबाई दोघेही उटनूरला मास्तर, सातची बस धरतात, म्हणून नातीला शाळेत पोहोचवणे ही माझी ड्यूटी. सकाळी आठ ते नऊ ही वेळ आमची दोघांची. स्कूटीवर ती मागे बसून पाढे म्हणते, मी चुका काढतो. मागच्या वर्षी ती अकरा वेळा लेट झाली, यात माझा दोष नाही. पण काल हर्षदीपने तोंडावर सांगितले की बाबा, यंदा लेट झाली तर तिला मारोतीच्या ऑटोत घालून देतो. एकतीस वर्षे महसूल खात्यात गिरदावर राहिलेल्या माणसाला पोटचा पोरगा दम देतो!
संकल्प: यंदा एकही लेट नाही.

त्याच दिवशी, सकाळी ९:३०
लेट. तेरा मिनिटे.

१३ जून, शुक्रवार
आज नऊच मिनिटे. सुधारणा आहे.
कारण शोधून काढले. आमच्या मावला गावातल्या या रस्त्यावर दोन शाळा भिंतीला भिंत लावून. आमची (म्हणजे मैत्रीची) आणि बाजूची. दोन्हींची गेट तीस पावलांवर. बाजूच्या शाळेला मागच्या गल्लीत दुसरे गेट आहे, पण त्याला कुलूप. त्यामुळे त्यांची पंधरा ऑटो, चार व्हॅन एकाच गेटने आत जातात, त्याच गेटने बाहेर येतात, आणि बाहेर येताना राइट टर्न मारून आमच्या गेटपुढे आडवी होतात. सगळे हॉर्न वाजवतात. कोणी विचार करत नाही. विचार करणारा मी एकटा.

१६ जून, सोमवार
मौक्यावर जाऊन पाहणी केली. माळ्यावरून जरीब काढली, म्हणजे आमच्या जुन्या खात्यातली जमीन मोजायची साखळी. रस्ता आडवा मोजला, मग उभा मोजला. वेळ सकाळी ८:२० निवडली, कारण ट्रॅफिक असतानाच मोजणी खरी होते. मारोती ऑटोतून उतरून म्हणाला की साहेब, साखळी उचला ना, पोट्टे लेट होऊन राह्यले. त्याला सांगितले की सरकारी कामात अडथळा आणू नकोस. तो म्हणाला की तुमी तर रिटायर झाले. या लोकांना मोजणीचे महत्त्व कळत नाही.
मैत्री बावीस मिनिटे लेट. पण ही मोजणीची लेट आहे, ट्रॅफिकची नाही. वेगळी धरावी.

१८ जून, बुधवार
योजना तयार. साधी आणि सुंदर. बाजूच्या शाळेने पुढच्या गेटने गाड्या आत घ्याव्यात, मागच्या गेटने बाहेर सोडाव्यात. सर्व वळणे फक्त डावीकडे. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे डावीकडे वळणारा कोणालाच आडवा येत नाही. शाळेभोवती गाड्या गोल फिरतील, जाम संपला. नकाशा काढला, त्यावर लाल शाईने बाण. आमच्या मुख्याध्यापिका शीतल मॅडमना अर्जी दिली. मॅडमनी नकाशा उलटा धरून पाहिला आणि छान आहे म्हणाल्या. पुढे म्हणाल्या की कुलूप बाजूच्या शाळेचे आहे, त्यात मी काय करणार.

२१ जून, शनिवार
बाजूच्या शाळेच्या मालकीणबाई भाग्यलक्ष्मी मॅडम. इथे सगळे त्यांना करस्पॉन्डंट मॅडम म्हणतात. चहा दिला. हिंदीत सांगितले की सर, वो गेट नैऋत्य में है. तीन वर्षांपूर्वी वास्तूवाल्या सिद्धांतींनी पाहून सांगितले की पुढचे गेट ईशान्येला, येणे-जाणे तिथूनच. मध्ये एकदा मागचे गेट उघडले तर त्या साली दहावीचा पहिला नंबर दुसऱ्या शाळेत गेला.
मी जन्मात असल्या गोष्टी मानल्या नाहीत. पण चहा संपवला.
नवे संकल्प: १) रागावायचे नाही. २) शिट्टी विकत घ्यायची.

२३ जून, सोमवार. दुपारी १
शिट्टी आणली. उत्तम आवाज. आज रस्त्यात उभे राहून पंचवीस मिनिटे ट्रॅफिक सांभाळला. मैत्री स्कूटीवर बसून होती. तिच्या वर्गातल्या पोरी तिला काहीतरी विचारत होत्या आणि ती मान खाली घालून नाही-नाही म्हणत होती. बहुधा माझ्याबद्दल अभिमान वाटला असावा, लाजाळू आहे.
लेट, पण थोडी.

२५ जून, बुधवार
दुपारी झोप लागेना. एकदम सुचले. काट्याने काटा काढावा!
लगेच भाग्यलक्ष्मी मॅडमकडे गेलो आणि गंभीर चेहऱ्याने सांगितले की मागच्या गेटचा दोष मलाही मान्य आहे, पण त्यावर उपाय आहे. रोज सकाळी शंभर गाड्यांनी शाळेला प्रदक्षिणा घातली तर नैऋत्येचा दोष राहत नाही. त्यासाठी मागचे गेट उघडे लागेल, एवढेच. मॅडमनी हात जोडले. म्हणाल्या की आप इतना जानते हैं, सर. सोमवारी कुलूप काढणार, पालकांना सूचनापत्रक छापणार.
अंधश्रद्धेचा असा विधायक उपयोग जिल्ह्यात कोणी केला नसेल. घरी कोणाला सांगितले नाही.

२८ जून, शनिवार
सूचनापत्रक हातात पडले. छापणाऱ्याने गाढवपणा केला. सगळे बाण उजवीकडे! धावत मॅडमकडे गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या की चूक नाही, प्रदक्षिणा अशीच असते, शाळा उजव्या हाताला. सिद्धांतींनाही फोन करून विचारले.
घरी येऊन बायकोला, द्वारकाबाईला, सहज म्हणून विचारले की प्रदक्षिणा कोणत्या हाताने घालतात. ती भाजी निवडत होती. म्हणाली की उजव्याच हातानं, आणि तुमाले हे आज समजून राह्यलं काय. तीस वर्षं नागपूरले दीक्षाभूमीवर गेलो, स्तूपाले मी फिरत होती आणि तुमी पुस्तकाच्या दुकानी उभे होते. मी म्हणालो की ज्ञान पुस्तकातच असते. ती म्हणाली की मंग वाचलं नाही काऊन.
मुद्दा असा की डावीकडे वळत शाळेभोवती गेले की शाळा डाव्या हाताला राहते. म्हणजे माझी योजना ही उलटी प्रदक्षिणा. अशुभ. आणि मॅडमची शुभ प्रदक्षिणा म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर राइट टर्न, समोरून येणाऱ्या गाड्यांना छेदून.
पण घाबरण्याचे कारण नाही. शिट्टी आहे.

३० जून, सोमवार
लिहायला उशीर झाला. 
आठ वाजता मागचे गेट उघडले. नारळ फोडला. सव्वाआठला त्यांच्या व्हॅन उजवीकडे वळू लागल्या. ज्यांना सूचनापत्रक मिळाले नव्हते ते जुन्या सवयीने उलट बाजूने आले. मागच्या गल्लीत दोन्हीकडच्या गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या. पुढे आमच्या गेटपाशी एसटी अडकली, तिच्यामागे तलमडुगु गावची दोन ट्रॅक्टर. कोणी मागे येईना, कोणी पुढे जाईना. मी स्कूटी रस्त्याच्या मधोमध स्टँडवर लावली, मैत्रीला तिथेच बस म्हणालो आणि शिट्टी वाजवत पुढे गेलो. सगळ्यांना डावीकडे वळा म्हणून हात करत होतो. ते उजवीकडे वळत होते.
मागे आवाज झाला. एक व्हॅन रिव्हर्स घेताना स्कूटीला लागली होती.
मैत्री रस्त्यावर पडली होती. गुडघा सोलला, कोपर सोलले. बाकी काही नाही. काही नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितले. पण ती पडलेली पाहिली तेव्हा मी जागीच उभा राहिलो, शिट्टी तोंडातच राहिली, आणि माझा श्वास तिच्यातून आपोआप वाजत होता. मारोतीने ऑटो सोडून तिला उचलले. मी नाही उचलले. खूप भीती वाटली, एवढे इथे लिहून ठेवतो.
चूक व्हॅनवाल्याची. आरसा पाहायला पाहिजे होता.

१ जुलै, मंगळवार
दोन्ही शाळांची मिळून मीटिंग झाली. मावल्यात असे पहिल्यांदाच घडले, आणि ते माझ्यामुळे घडले. मला बोलावले नव्हते, तरी गेलो. निर्णय असे: बाजूच्या शाळेचे गेट पुन्हा बंद. त्यांची शाळा साडेआठला, आमची सव्वानऊला. ऑटो आणि व्हॅनच गेटपर्यंत येतील. पालकांच्या खासगी गाड्या पाण्याच्या टाकीपाशीच थांबतील.
माझा नकाशा कोणी मागितला नाही. तरी टेबलावर ठेवून आलो. शीतल मॅडमनी त्यावर चहाचा कप ठेवला, म्हणजे जवळच ठेवला आहे.
घरी हर्षदीप रागावेल असे वाटले होते. तो रागावला नाही. खाली पाहत एवढेच म्हणाला की बाबा, आता तुमी राहू द्या. त्यापेक्षा ओरडला असता तर बरे झाले असते.

४ जुलै, शुक्रवार
मैत्रीच्या गुडघ्याची खपली धरली. ती उद्यापासून मारोतीच्या ऑटोत जाणार. हंगामी व्यवस्था. मी हरकत घेतली नाही, कारण स्कूटीचा आरसा बदलायचा आहे.
मारोतीला तीन सूचना दिल्या. वेग वीस. पोरांना टेकू देणारा दांडा पक्का. आणि डावीकडे. तो हो साहेब म्हणाला.

८ जुलै, मंगळवार
स्कूटीला नवा आरसा बसवला. मैत्रीला म्हणालो की उद्यापासून पुन्हा आपण दोघे, टाकीपर्यंत स्कूटी, पुढे हात धरून चालत. ती म्हणाली की आजोबा, ऑटोतच बरं आहे. तिथे माझी जागा ठरली आहे, खिडकीकडची.
ऑटोला खिडकी नसते, हे मी तिला समजावून सांगितले. ती हसली.

१४ जुलै, सोमवार. सकाळी ८:३५
रस्ता रिकामा. एकही हॉर्न नाही. मैत्री सलग आठव्या दिवशी वेळेवर. माझ्या प्रयत्नांना पूर्ण यश, असे म्हणायला हरकत नाही.
आज ऑटो आला तेव्हा मी दारात होतो. आत बारा पोरी, सगळ्या एका सुरात सोळाचा पाढा म्हणत होत्या. सोळा साते एकशे बाराला मैत्री चुकली नाही. मी थांबून ऐकले, पुढेही चुकली नाही. कोपऱ्यावर मारोती उजवीकडे वळला आणि आवाज गेला.
द्वारकाबाईने विचारले की आता काय करता. मी म्हणालो की पाहतो. तिने माझ्या बसायच्या वेताच्या मोड्यावर दुसरी उशी ठेवली आणि माझ्यासमोर चहा आणून ठेवला.
आठ ते नऊ: काम नाही.