नाताळची पाकिटं

६ डिसेंबर, शुक्रवार

गुडघा सकाळपासून ठणकतो आहे. तरी बाबासाहेबांच्या स्मृतिदिनाची मेणबत्ती लावायला विहारात जाऊन आलो. माझी मेणबत्ती दोनदा विझली. दुसऱ्यांदा विझली तेव्हा उगाच धास्ती वाटली. खिडकी उघडी होती, दुसरं काही नाही.

परत आलो तर लिफ्टमध्ये चिठ्ठी चिकटवलेली. २५ तारखेला संध्याकाळी सहा वाजता पार्किंगमध्ये ख्रिसमस. प्रत्येक फ्लॅटचे पाचशे रुपये. कामगारांना पाकिटं वाटणार — झाडूवाली, वॉचमन, लिफ्टचा मिस्त्री, प्लंबर, कचरागाडीवरचे दोघे. खाली एक ओळ: कामगारांनी लाल टोपी घालून यावे. टोपी सोसायटी देईल.

दोनदा वाचली. लिफ्ट वर जाऊन परत खाली आली तरी मी आतच उभा.

८ डिसेंबर, रविवार

सेक्रेटरी मधुकरराव घरी आले. चहा घेतला, मग म्हणाले, “दादाजी, पाकिटं तुमच्या हातानं वाटायची हं. बिल्डिंगमध्ये सर्वांत मोठे तुम्ही.”

मला नाही म्हणता आलं नाही. हो पण म्हणता आलं नाही. माझ्या मुलाने, प्रशिकनेच हो म्हणून टाकलं.

ते गेल्यावर तो माझ्यावर चिडला. “बाबा, हुडकेश्वरात येऊन तीन वर्षं झाले. पहिल्यांदा कोणी आपल्याले मान देऊन राहिलं, अन् तुम्ही तोंड पाडून काहून बसले?”

काय सांगू त्याला! फ्लॅटचं कर्ज त्याच्या डोक्यावर आहे. खाली नमस्कार करणारी चार माणसं त्याला हवी असतात. मी उठलो. गॅस बंद आहे का ते तीनदा पाहून आलो.

मुळात ही रीत यांची नव्हेच. तळमजल्यावर चारुलता सिस्टर राहतात — मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, नाताळ त्यांचा. दर वर्षी त्या एकेका कामगाराच्या घरी जाऊन केक आणि पाकीट देत. कुणाला पत्ता नव्हता. मागच्या वर्षी कुणीतरी पाहिलं, मोबाइलच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी टाळ्या दिल्या. आता त्याचा कार्यक्रम झाला!

११ डिसेंबर, बुधवार

फार थंडी. लिहिताना बोटं वळत नाहीत.

वडिलांची आठवण जात नाही. अजनीच्या रेल्वे कॉलनीत ते बंगल्यांना चुना मारायचे. नाताळच्या आधी कामाला तोटा नसे. आणि २५ तारखेला गार्डसाहेबाच्या व्हरांड्यात सगळे नोकर, माळी, धोबी, चुनेवाले रांगेत उभे राहायचे. साहेबाची मडम एकेकाच्या हातावर बक्षीस ठेवायची. वडीलही उभे राहत, दर वर्षी.

छप्पन साली ऑक्टोबरात आम्ही दीक्षा घेतली. मी सहा वर्षांचा. मला फक्त पांढरे कपडे आठवतात, आणि पायांखालची धूळ. डिसेंबरात बाबासाहेब गेले. त्यानंतर एकोणीस दिवसांनी नाताळ. त्या दिवशी वडील व्हरांड्यात गेले, मजुरी मागून घेतली आणि रांगेबाहेर निघून आले. साहेबाने हाक मारली, तरी वळले नाहीत. घरी येऊन आम्हाला समोर बसवून म्हणाले, “कामाचे पैसे घ्यायचे. सणाचे नाही.”

मी ते पाळलं. लकडगंजात आरामशिनींच्या जळक्या मोटरींत तार भरण्यात चाळीस वर्षं गेली. शेठ दिवाळीला पाकीट द्यायचा, मी टेबलावर ठेवून यायचो. मागून हसायचे. हसू दे.

आणि आता पाकिटं वाटायला मी!

१४ डिसेंबर, शनिवार

हात थरथरला तर? नावं चुकली तर? माइकवर बोलायला सांगितलं तर? मेघा म्हणते, “बाबा, तुम्ही फक्त द्यायचं अन् फोटोत पाह्यचं.” सुनेला सगळं सोपं वाटतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज जिन्यात पुष्पलता भेटली. आमची झाडूवाली. तिच्याशी मी रोज बोलतो, घरात दुपारी दुसरं कोणी नसतं. नवरा वारला. मुलगी मोनाली दहावीत.

पायरीवर बसून म्हणाली, “दादाजी, चार मजले झाडते मी. आता टोपी घालून नाचू पण काय?”

मी म्हटलं, नको घालू.

“नको घालू म्हणता! मोनालीले फळ्यावरचं दिसत नाही. औंदाच्या पाकिटात तिचा चष्मा करते म्हणली मी. सिस्टरबाई घरी आणून देत होती, तेव्हा बरं होतं. घेतलं काय, नाही काय, कोणाले दिसत नव्हतं.”

मग मला काय झालं कोण जाणे. सगळं सांगितलं. व्हरांडा, रांग, साहेबाची हाक. सांगताना माझा आवाज चढला. घरात मला इतकं कोणी ऐकून घेत नाही. ती झाडू मांडीवर आडवा धरून ऐकत होती.

“मंग काहीच नाही घेतलं?”

“काहीच नाही.”

“अन् घरी?”

“घरी काही अडलं नाही,” मी म्हटलं. “त्याच थंडीत मी नवा निळा स्वेटर घालून गल्लीभर फिरत होतो. कोपरावर लाल फूल काढलेलं. आईने इतवारीच्या बाजारातून आणला होता.”

तिने मांडीवरचा झाडू उचलला. उठून तिसरा मजला झाडायला गेली.

२२ डिसेंबर, रविवार

कोट घालून पाहिला. सैल झाला आहे. माणूस आतून कमी होत जातो.

२५ डिसेंबर, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

पार्किंगमध्ये खुर्च्या, लाल फुगे, दिव्यांची माळ. कामगार एका बाजूला ओळीने उभे, डोक्यावर लाल टोप्या. कचरागाडीवरच्या एकाची टोपी लहान होती, तो सारखी खाली ओढत होता. मुलं हसत होती. मी टेबलामागे. माझ्या हाताशी पाकिटांचा गठ्ठा.

मधुकरराव माइकवर नाव घ्यायचे, माणूस यायचा, मी पाकीट द्यायचो. “इकडे पाहा, हसा थोडं!” फोटो. वॉचमन माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरलो तर खुर्चीला अडखळलो.

शेवटी पुष्पलता. टोपी नव्हती. धुतलेलं हिरवं लुगडं. मी पाकीट पुढे केलं. तिने हात जोडले.

“दादाजी, हे राहू द्या. पगार तेवढा एक तारखेले देत जा म्हणा. दर महिन्याले हिंडवतात.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मधुकररावांनी माइक खाली घेतला. “कोणी शिकवलं वं तुले हे?”

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं. म्हणाली, “कोणी नाही शिकवलं. मले समजते.”

आणि निघून गेली.

मी एक शब्द बोललो नाही. हातात तिचं पाकीट तसंच. मधुकररावांनी ते माझ्या बोटांतून काढून खिशात घातलं. मग केक कापला. मला पण दिला. मी खाल्ला.

२६ डिसेंबर, गुरुवार

मधुकररावांनी ग्रुपवर टाकलं आहे. एक तारखेपासून झाडझुडीचं काम ठेकेदाराला. पुष्पलताला सांगितलं आहे. “एवढा माज चांगला नाही.” खाली वर केलेल्या अंगठ्यांची रांग.

प्रशिकने मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, “बरं झालं बाप्पा, आपण मधात नाही पडलो.”

जेवण गेलं नाही. मेघाने पित्ताची गोळी दिली.

संध्याकाळी दारात चारुलता सिस्टर भेटल्या. मला म्हणाल्या, “दादाजी, मी दोनदा तिच्याकडे जाऊन आले. माझं पण घेत नाही आता.” डोळे पुसत आत गेल्या. त्यांना कुठे माहीत, त्या कुणापुढे रडत होत्या!

२७ डिसेंबर, शुक्रवार

रक्तदाब वाढला आहे. मशीन तीनदा लावलं. तिन्ही वेळा वेगळा आकडा.

२८ डिसेंबर, शनिवार

पुष्पलताच्या घरी गेलो. आमच्या बिल्डिंगमागची वस्ती, पण तीन वर्षांत पाय ठेवला नव्हता. मोनाली अभ्यास करत होती. वही नाकाला टेकलेली.

मी काय बोलावं! म्हटलं, माझे वडील असते तर त्यांना तुझा अभिमान वाटला असता. बोललो आणि स्वतःच्याच तोंडात मारावीशी वाटली.

तिने चहा दिला. खाली बसली. मग हळूच म्हणाली, “दादाजी, एक विचारू? स्वेटर कुठून आला?”

“कोणता स्वेटर?”

“निळा, फुलाचा. मी त्या दिवशीच विचारणार होती. मोठ्या माणसाले काय विचारायचं म्हणून गप बसली. तुमच्या बाबानं साहेबाकडे पाठ केली. साहेबानं काम बंद केलं असन. मंग भर थंडीत नवा स्वेटर घ्यायले तुमच्या मायजवळ पैसे कुठून आले?”

मी म्हटलं, “असतील साठवलेले.”

“असतीन,” ती म्हणाली. “माह्याजवळ नाहीत.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

वस्तीतून येताना आठवू लागलो. नाताळनंतर वडिलांना काम नव्हतं, हे मला ठाऊक आहे. ते दिवसभर घरी दिसायचे नाहीत, संध्याकाळी रिकाम्या हाताने यायचे. तरी आम्ही जेवत होतो. अडुसष्ट वर्षांत मला हा प्रश्न पडला नाही!

२९ डिसेंबर, रविवार

मौद्याला ताईला फोन लावला. वाजला तसा ठेवून दिला.

३० डिसेंबर, सोमवार

मौद्याला जाऊन आलो. बसने, एकटा. घरी सांगितलं, ताईची तब्येत पाहून येतो.

पार्वतीताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. अंगणात उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. माझी चाहूल लागल्यावर म्हणाली, “कोण? तू होय! कोण मेलं?”

कोणी नाही म्हटलं. बसलो. चार शेंगा सोलल्या. मग विचारलं.

ती शेंगा सोलत राहिली. तोंडातल्या तोंडात हसली.

“अडुसष्ट वर्षांनी विचारून राहिला तू? तुले काय वाटलं, बाबाच्या ताठ मानेवर भाकरी भाजत होती माय?”

मग तिने सांगितलं. २६ तारखेची पहाट. वडील काम शोधायला निघून गेले आणि आईने ताईला उठवलं. दोघी अंधारात चालत अजनीला गेल्या. बंगल्याच्या मागच्या दाराशी आई डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली.

“मडमनं दार उघडलं. माय काही बोलली नाही, मडमबी नाही. आत गेली, बोचकं आणलं. वरून पाच रुपये. दार लावून घेतलं. झालं.”

“आणि स्वेटर?”

“तिच्या पोराचा. कोपरावर भोक होतं बाप्पा, बोट जाईल एवढं. मायनं लाल दोऱ्यानं भरलं. दुसरा दोरा नव्हता.”

ते फूल! मी त्या फुलावर मिरवलो!

“बाबाले माहीत होतं?”

“मायनं सांगतलं नाही. बाबानं विचारलं नाही. पण तू तो स्वेटर घालून समोर आला की तो दुसरीकडे पाहे. लय दिवस.” शेंगांचं सूप झाडून म्हणाली, “मले शपथ घातली होती मायनं. तो रांगेत उभा नाही राहिला, हेच सगळ्यांले सांगायचं. माह्यं नाही सांगायचं.”

येताना बसमध्ये खिडकीशी बसलो. वडिलांचा राग आला नाही. ते वळले नाहीत ते बरोबरच होतं, आजही बरोबर आहे. पण अंधारात चालत गेलेली आई डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिकीट कुठे ठेवलं ते सापडेना. कंडक्टरने दोनदा विचारलं.

३१ डिसेंबर, मंगळवार

सकाळी दहाला मधुकररावांच्या दारात. बसा म्हणाले. बसलो नाही. सांगितलं — तिला मी शिकवलं. प्रशिकला माहीत नाही, त्याला यात धरू नका. तिचं काम तिला राहू द्या, आणि पाकीट माझ्याजवळ द्या.

हात पुढे केला. चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा.

“अहो दादाजी, हात कायले पसरता? मलेच लाज वाटते.”

मी हात मागे घेतला नाही. ते आत जाऊन आले. पाकीट दिलं. कामाचं ठेकेदाराशी बोलून पाहतो म्हणाले.

वस्तीच्या तोंडाशी माणसं उन्हात बसली होती. मी वळसा घालून मागून गेलो. पुष्पलता भांडी घासत होती. पाकीट दगडावर ठेवलं आणि वळलो.

“मागच्या दारानं काहून आले गा दादाजी?”

मी दगडावरच्या पाकिटाकडे बोट दाखवलं.

तिने हात धुतले, पदराला पुसले, पाकीट उचललं. म्हणाली, “पुढून या. चहा ठेवते.”