इर्जिकीचा भात

इंग्लंड
१८ फेब्रुवारी २०२४

ती. आबा आणि सौ. आईस,
सारिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राचा फोटो नेहमीसारखा अनिता वहिनीच्या फोनवर पाठवतेय. तिला म्हणावं, मोठा करून दाखव. फोनवर बोलायचं तर तुमच्या कानांपुढे आमचं काही चालत नाही. रेल्वेनं पगार दिला आणि कान ठेवून घेतले, हे तुम्हीच म्हणता. लोणावळ्यात थंडी पडली म्हणून आई कुरकुरत होती ना? तिला एकदा इथं आणून फाटकाशी उभी करते.

आता खरं सांगते. समर्थ पंधरा दिवस डबा तसाच परत आणत होता. खोदून विचारलं तेव्हा रडला. वर्गात धर्मांचे धडे चालू आहेत. बाकी सगळ्यांचे सण, गाणी, चांगली माणसं. हिंदूंचं एकच पान. वर एक गाय, आणि खाली लिहिलंय की हिंदू गाईला देव मानतात आणि काही माणसांना गावाबाहेर ठेवतात, त्यांच्या हातचं खात नाहीत. संपलं. तेव्हापासून जेवताना एक मुलगा याला म्हणतो की तुझ्या डब्याला गोमूत्राचा वास येतो, आम्ही तुझ्याजवळ जेवत नाही. टेबलावरचे चौघं उठून गेले. बटाट्याची भाजी होती हो आबा.

त्याहून वाईट मी केलं. उन्हाळ्यात तुम्ही त्याला गंध लावायला शिकवलंत, ते तो रोज हौसेनं लावायचा. गेल्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी मी रुमालाला थुंकी लावून ते पुसलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच पुसून आला. आणि बाईंनी मला विचारलं, तुम्ही धर्म पाळता का, तर मी हसून म्हटलं, छे हो, आम्ही तसे काही नाही. घरी आले आणि देवासमोर उभं राहवेना. स्वतःचीच लाज वाटली.

रात्री समर्थनं विचारलं की ते गावाबाहेर ठेवायचं खरं का. मी म्हटलं, साफ खोटं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन भांडले. आता बाईंनी त्याला पंधरा मार्चला दहा मिनिटं दिली आहेत, आपल्याबद्दल बोलायला. डिसेंबरात आपल्या वाडीच्या शाळेला साठ वर्षं झाली तेव्हा तुम्ही स्मरणिकेत लिहिलंत ना? ते पान पाठवा. पोराच्या हातात काहीतरी खणखणीत हवं.

माया आहे ती आटू देऊ नका.

तुमची,
सारिका

----

लोणावळा
२२ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. सारिकास,
आबाचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझं डोकं लय फिरलं. तुझी आई दोन वेळा चहा ठेवून गेली, दोन्ही वेळा गार झाला. आधी तुझ्यावर रागावतो. गंध पुसलंस? आम्ही तुला हेच शिकवलं का? पोरानं चोरी केली होती का, खूण पुसायला?

आता त्या कार्ट्याविषयी. दहा वर्षांचं पोर आपल्या मनानं असं बोलत न्हाई. घरात ऐकतं, तेच बाहेर ओकतं. त्याच्या बापाला जाऊन विचार, लाज कशी वाटत न्हाई म्हणून. माणसाला जेवणावरून हिणवायचं यापरीस हलकं काम दुसरं न्हाई. आपल्या सात पिढ्यांत कुणी केलं न्हाई.

पानाचा फोटो सोबत आहे. त्यातलं हे समर्थकडून पाठ करून घे: ‘सन १९६३ साली एका दानशूर ग्रामस्थाने दिलेल्या जागेवर अवघ्या वाडीने इर्जिक घालून शाळेची पहिली खोली उभारली. संध्याकाळी कसलाही भेदभाव न मानता सर्वांनी एकाच पंगतीत भोजन केले.’ त्याला इर्जिक समजावून सांग. सारा गाव एकाच्या कामाला फुकट राबतो आणि ज्याचं काम, तो संध्याकाळी साऱ्यांना जेवू घालतो. त्या बाईंना म्हणावं, आता लिहा पानावर.

लोभ आहेच. तो पोराच्या डब्यात भरून दे.

आबा

----

तळेगाव
३ मार्च २०२४

प्रिय सारिका,
जय भीम.

किती वर्षांनी तुझं अक्षर बघितलं! हॉस्पिटलातल्या पोरींना दाखवलं, म्हटलं ही माझी बाकावरची मैत्रीण, हिनं माझे भूगोलाचे सगळे नकाशे काढलेत. समर्थचं वाचलं. शाळेत मलाही असं काय काय ऐकावं लागायचं. तुला सगळं सांगत नव्हते इतकंच.

तू माझ्या आजीचा फोटो मागितलास. ‘दानशूर ग्रामस्थ’ म्हणजे चंपाआजीच ना, असं विचारलंस. हो, तीच. दोन भातखाचरं होती, नवरा गेलेला, त्यातलं एक तिनं शाळेला दिलं. समर्थला पंगतीचं चित्र काढायचंय आणि आजी कुठं बसली होती ते हवंय, असं तू लिहिलंस. तिथं मी थांबले. चार दिवस उत्तर लिहिलं नाही ते त्यामुळे.

सारिका, पंगत झालीच नाही. जागा आजीची, म्हणून इर्जिकीचं जेवण आजीनं रांधलं. साठ माणसांचा भात. माणसं दिवसभर तिच्या जमिनीवर राबली आणि जेवायच्या वेळी एकेक करून निघून गेली. आम्हाला बौद्ध होऊन सात वर्षं झाली होती, पण गावाच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. मोठ्यांनी निदान काहीतरी निमित्तं सांगितली. एका मुलानं मात्र तोंडावर सांगितलं आणि सगळे हसले. कोण मुलगा, ते बाबांनी कधी सांगितलं नाही. त्या दिवसाबद्दल ते याहून जास्त बोलतच नाहीत.

स्मरणिका वाटली त्या दिवशी बाबा पुढच्या रांगेत होते. ते पान वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि घरी आले. मी भडकले होते, ते नाही. तुझ्या आबांनी लिहिलंय म्हणून मी तुला आजवर काही कळवलं नाही.

आजीचा फोटो पाठवतेय. वर्गात दाखव अथवा दाखवू नको. आपली मैत्री होती तशी राहू दे. राहील ना?

तुझी,
प्रतीक्षा

----

इंग्लंड
४ मार्च २०२४

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

प्रतीक्षाच्या पत्राचा फोटो सोबत पाठवतेय. हे पत्र अनिता वहिनीनं वाचून दाखवू नये, तुम्हीच वाचा.

समर्थला तुमचं वाक्य पाठ झालंय. झोपेतसुद्धा म्हणेल. चित्रही काढलंय, पत्रावळी आणि शेजारी शेजारी माणसं. तुम्हाला त्यानं मधोमध बसवलंय, कारण मी सांगितलं की आबा तेव्हा अकरा वर्षांचे होते आणि तिथंच होते. मी त्याला साफ खोटं म्हटलं होतं आबा. शाळेत जाऊन बाईंशी भांडले होते. पोरगा माझ्या आणि तुमच्या भरवशावर पंचवीस मुलांपुढे उभा राहणार आहे.

तुम्ही पंगतीत बसला होतात का? एवढंच कळवा. रागावलात तरी चालेल, पण लोभ काढून घेऊ नका.

सारिका

----

लोणावळा
७ मार्च २०२४

चि. सारिकास,
आशीर्वाद.

बसलो होतो. आणि उठलो.

दिवसभर आम्ही पोरांनी दगड वाहिले होते. आंबेमोहराचा वास सगळ्या आळीत सुटला होता. मोठी माणसं सटकायला लागली. कुणाला उपास आठवला, कुणाला म्हैस आठवली. मला कडकडून भूक लागलेली, मी सरळ पत्रावळीवर जाऊन बसलो. वडिलांनी लांबून नुसतं बघितलं, तसा उठलो. चंपाबाईनं मायेनं विचारलं, का रं हनुमंता बाळा, उठलास का. तेव्हा आम्ही पोरंसुद्धा तिला नुसतं चंपे म्हणायचो. मी मोठ्यानं बोललो, आमी तुमच्यात जेवत न्हाई. सगळे हसले. कुणीतरी माझ्या पाठीवर शाबासकी दिली. तिचा पोरगा श्रीपती, म्हणजे प्रतीक्षाचा बाप, पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभा होता. तो दहा वर्षांचा, मी अकरा. प्रतीक्षाच्या पत्रातला मुलगा मी आहे.

स्मरणिकेत तिचं नाव घालू नका असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच गाळलं. नाव आलं असतं तर भाताची आठवण निघाली असती. आणि पंगतीचं का लिहिलं म्हणशील, तर आता कोण आहे बोलायला, पोरांनी चांगलं वाचावं, असं स्वतःला सांगितलं. पण ते पोरांसाठी नव्हतं. मला त्या पंगतीत बसायचं होतं. साठ वर्षांनी कागदावर बसून घेतलं.

मागच्या पत्रात मी त्या इंग्लंडच्या पोराला काय काय बोललो, आणि वर सात पिढ्यांची ग्वाही दिली. ते पत्र फाडू नको. ठेव.

समर्थला खरं सांग. माझं नाव घालून सांग. तुझी आई म्हणते पोराच्या मनातून आजा उतरंल. उतरू दे. खोट्यावर उभा राहून तो तिथं तोंडघशी पडण्यापरीस ते बरं. लोभ ठेव, असं लिहायला हात धजत नाही.

आबा

----

इंग्लंड
१६ मार्च २०२४

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी तुमची काळजी मिटवते. समर्थला सांगितलं त्या दिवशी तो जेवला नाही, चित्र फाडलं. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, कारण खोटं तर मीही बोलले होते. तिसऱ्या दिवशी म्हणाला, मी बोलणार.

काल बोलला. कागद हातात न घेता. आधी भाताची आवणी सांगितली, चिखलात पाय कसे रुततात ते, मग भैरोबाची जत्रा, दिवाळीत मामाबरोबर केलेला मातीचा किल्ला. मुलं ऐकत राहिली, कारण पानावर यातलं काहीच नव्हतं. मग चंपाआजीचा फोटो दाखवला, नाव फळ्यावर लिहिलं आणि सांगितलं की पानावरची शेवटची ओळ माझ्या आबांच्या गावात खरी होती. तिनं रांधलेला भात टाकून ‘आम्ही तुमच्यात जेवत नाही’ म्हणणारा मुलगा म्हणजे माझे आबा. मग पुढे म्हणाला की माझ्याशीही या वर्गात तसंच बोललं जातं, आणि मला ते फार लागतं. बाई लालबुंद झाल्या. मी मागे उभी होते, माझी मान खाली.

पान बदलणार का विचारलं तर बघू म्हणाल्या. मी या वेळी हसले नाही. आमच्या गावचं पाप खरं निघालं म्हणून माझ्या मुलाला हिणवणं बरोबर ठरत नाही, असं तोंडावर सांगितलं, आणि आम्ही हिंदू आहोत हेही सांगितलं. उशिरा का होईना.

त्या डब्यावरून बोलणाऱ्या मुलानं शेवटी हात वर केला. मला वाटलं आता काय बोलतोय. त्यानं विचारलं, मग तो भात कुणी खाल्ला? समर्थ म्हणाला, आबांना विचारून सांगतो. तर आबा, कुणी खाल्ला?

लोभ आहे. कमी झालेला नाही, हे मुद्दाम लिहिते.

सारिका

----

लोणावळा
२१ मार्च २०२४

चि. सारिका आणि चि. समर्थ यांस,
आबाचे आशीर्वाद.

मला ठाऊक नव्हतं. साठ वर्षांत मला माझं वाक्य आठवायचं, वडिलांचे डोळे आठवायचे. त्या बाईच्या पातेल्यातल्या भाताचं पुढं काय झालं, हे एकदाही मनात आलं नव्हतं. त्याची लाज मला सगळ्यात जास्त वाटली.

काल अनिताच्या स्कूटीवर बसून वाडीला गेलो. श्रीपती अंगणात हरभरा झोडत होता. मी दुरुस्तीचा कागद लिहून नेला होता, जागा देणारीचं नाव आणि पंगत झाली नव्हती हे, माझ्या सहीनिशी. हेडमास्तर तो स्मरणिकेच्या प्रत्येक प्रतीत चिकटवायला तयार आहेत. शाळेच्या कमिटीतले दोघं माझ्याशी बोलायचे बंद झालेत, ते असू दे. श्रीपतीनं कागद वाचला. मी माफी मागितली, तर खाली बस म्हणाला. मग मी समर्थच्या वर्गातला प्रश्न विचारला.

तो बोलायला लागला तसं अनितानं ते माझ्या कानाशी मोठ्यानं सांगितलं. भात दिवेलागणीपर्यंत झाकून ठेवला होता. त्याच्या आईला वाटलं, उजेडात लाजली असतील, सांजंला कुणीतरी येईल. दार उघडं ठेवलं. कुणी आलं नाही. मग दोन दिवस घरच्यांनी तोच खाल्ला, आंबला तेव्हा गुरांना घातला.

शाळा उघडली तेव्हा श्रीपती आईला म्हणाला होता की मी त्या हनुमंताशेजारी बसणार न्हाई, मास्तरांना सगळं सांगणार हाय. तर चंपाबाईनं त्याला दटावलं. म्हणाली, त्याला काय बोलू नगंस, लेकरू हाय, लाजंल.

तुमचा,
आबा