पाटी आणणे

३ मार्च, सोमवार
आजपासून शिस्त. सगळी कामं कॉम्प्युटरवरच्या प्लॅनरमध्ये. नुसता मजकूर, भपका नाही. पहिलं काम लिहिलं: ‘पेंटरकडून पाटी आणणे’. बायकोचं शिवणाचं दुकान रविवारी उघडतंय. इतकी वर्षं घरात मशीन चालवली, आता स्वतःचं दुकान, पाटीवर स्वतःचं नाव. पेंटर शनिवारी दुपारी पंधरवड्यासाठी गावाला जाणार. शनिवार लांब आहे.
प्लॅनर उघडायला चार सेकंद लागतात. हे मी खपवून घेणार नाही.

४ मार्च
उघडताना तपशील मिटलेले ठेवायचं सेटिंग लावलं. साडेतीन सेकंद. पण एकाच कामावर टेस्ट म्हणजे पोरखेळ. ‘पाटी आणणे’ पाच हजार वेळा चिकटवलं. अकरा सेकंद! आता कशी मजा.
बायकोने विचारलं, पाटी आणली का? म्हटलं, त्याच कामात आहे. खोटं काय बोललो?

५ मार्च
अक्षरांचे रंग बंद केले. सात सेकंद. मेहुणा म्हणाला, भावजी, एवढ्यात पेंटरकडे चालत जाऊन आला असता. त्याला परफॉर्मन्समधलं ओ की ठो कळत नाही.

७ मार्च
सापडलं! उघडताना बाकी राहिलेली कामं वाचायचीच नाहीत, असंही सेटिंग आहे. अर्धा सेकंद! स्क्रीनवर: ‘आज काही काम नाही.’ कसं हलकं वाटलं म्हणून सांगू!

८ मार्च, शनिवार
सकाळपासून उघडून बघतोय. दर वेळी अर्धा सेकंद. दुपारी मस्त ताणून दिली.
संध्याकाळी बायकोने पुन्हा विचारलं. धावत सुटलो. पेंटरच्या शटरला कुलूप. जाळीतून पाटी दिसत होती, भिंतीला टेकवलेली. फोन बंद. कमाल आहे या माणसाची! माझ्याकडे काम पाच हजार वेळा लिहिलेलं होतं.

९ मार्च, रविवार
बायको भांडली नाही. तेच वाईट.
दुकान गल्लीत आत, पाटीशिवाय कुणाला सापडेना. सासऱ्यांनी मला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. येणाऱ्याला बायकोचं नाव मोठ्याने सांगायचं आणि हाताने दुकान दाखवायचं. दिवसभर उभा होतो. बसलो नाही. बसणारही नव्हतो.
दुपारी ती चहा घेऊन आली. पेंटर कधी येणार? म्हटलं, पंधरवड्याने. मग तोवर रोज नऊला इथे उभे राहा, म्हणाली.
प्लॅनरमध्ये टाकतो, म्हटलं.
नको, मीच हाक मारेन, म्हणाली.